एका शाळेत पाच भाषांची मुलं: २१ ते २७ फेब्रुवारीचा आठवडा कसा आखावा?

डस्टर (धागाकर्ता)

औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळांचा पट हल्ली बराचसा सारखा दिसतो. गावातली मराठी मुलं, बंजारा तांड्यावरून आलेली गोरमाटी (बंजाऱ्यांची भाषा) बोलणारी, बिहार-उत्तर प्रदेशातल्या कामगारांची हिंदी-भोजपुरी बोलणारी, कलबुर्गी-यादगीरकडच्या बांधकाम मजुरांची कन्नड बोलणारी, शिवाय घरी उर्दू बोलणारी. पट शंभराच्या आसपास, शिक्षक चार. या मुलांसाठी काही करायचं म्हटलं की वेशभूषा स्पर्धा ठरते, फोटो केंद्राच्या ग्रुपवर पडतात आणि विषय संपतो. त्याऐवजी काय करता येईल, यासाठी हा धागा.

२१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन आणि २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन. दोन्ही दिवस शाळेला साजरे करायचेच असतात. मधले दिवस जोडले तर सात होतात. त्यात एक रविवार आणि शनिवारची सकाळची शाळा धरून पाच पूर्ण आणि एक अर्धा दिवस हाती येतो. महाशिवरात्र कधीकधी याच आठवड्यात येते, तेव्हा आणखी एक दिवस वजा. रोज परिपाठानंतरची एकच तासिका घ्यायची, जास्त नाही.

पण आठवड्याच्या आधी, जानेवारीत, भाषेची नोंद हवी. दाखलखारिजावरचा (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतला) मातृभाषेचा रकाना बघून ती करू नका. तो दाखल करताना घाईत भरलेला असतो आणि तिथं 'मराठी' किंवा 'हिंदी' याखेरीज सहसा काही सापडत नाही. प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून चार प्रश्न विचारा: आईशी कशात बोलतोस, आजी-आजोबांशी कशात, भावंडांशी भांडताना कशात, आणि बाईंचं बोलणं कितपत कळतं. वर्गात हात वर करायला लावलं तर मुलं शेजारच्याचं बघून सांगतात, आणि गोरमाटी किंवा पारधी बोलणारं मूल सरळ 'मराठी' म्हणून मोकळं होतं. एका मुलाला पाच मिनिटं धरा. पंचवीस मुलांमागे एका शिक्षकाचे दोन तास, आठवडाभरात मधल्या सुट्टीत सहज उरकतं. जात विचारायची नाही आणि पत्रकावर लिहायचीही नाही.

आठवड्याचा आराखडा साधारण असा:

पहिला दिवस शब्दभिंतीचा. दहाच शब्द, पण कामाचे: पाणी, भूक, शू लागली, दुखतंय, ये, बस, दे, घर, आई, झाड. यातले पहिले चार शब्द शिक्षकांनी सगळ्या भाषांत तोंडपाठ करायचे. कन्नड बोलणाऱ्या पहिलीतल्या पोराला पोटात दुखतंय हे सांगता येत नाही, म्हणून ते रडतं, आणि मग 'हा रडका आहे' असं ठरतं. ड्रॉइंग पेपर अर्धा कापून एका शब्दाचा एक फलक करा: वर चित्र, खाली एकेक ओळ एकेका भाषेची, सगळं देवनागरीत. उर्दू आणि कन्नड ओळ त्यांच्या लिपीतही लिहा, पालकांपैकी कुणी लिहून देतंच. अक्षर निदान चार सेंटिमीटर उंच, फलक जमिनीपासून नव्वद ते एकशे दहा सेंटिमीटरवर. मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर लावलेला फलक फक्त तपासणीला आलेले साहेब वाचतात. चुना दिलेल्या भिंतीवर सेलोटेप दोन दिवसांत सुटतो. खिळ्यांना सुतळी ताणा आणि कपड्यांचे चिमटे वापरा, म्हणजे फलक काढून मुलांच्या हातात देता येतात.

दुसरा दिवस गोष्टीचा. घरची भाषा बोलणारी एक आई किंवा आजी बोलवा. इथं एक चूक हमखास होते: ती एक वाक्य सांगते, शिक्षक लगेच त्याचं मराठी करतात. मग मराठी मुलं तिच्याकडे बघतच नाहीत, पुढच्या मराठी वाक्याची वाट बघत बसतात, आणि आजीची लय तुटते. त्यापेक्षा आधी दोन मिनिटांत गोष्टीचा सारांश मराठीत सांगा, मग सात-आठ मिनिटं तिला अखंड सांगू द्या, हातात वस्तू देऊन: टोपली, काठी, घुंगरू, जे गोष्टीत असेल ते. नंतर सगळ्यांनी चित्र काढायचं.

तिसऱ्या दिवशी त्या चित्रांचं पुस्तक. ए-फोरचे चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की सोळा पानं होतात. लांब दांड्याचा स्टेपलर नसला तर घडीवर तीन भोकं पाडून सुई-दोऱ्याने शिवा. डाव्या पानावर घरची भाषा, उजव्या पानावर मराठी, दोन्हींचं अक्षर एकाच मापाचं. घरची भाषा बारीक अक्षरात खाली टाकली की मुलांना काय कळायचं ते कळतं.

चौथा दिवस खेळांचा आणि हा सगळ्यात सोपा. लगोरीला हिंदीभाषक मुलं पिट्ठू म्हणतात, विटीदांडूचा गिल्ली-डंडा किंवा कन्नडमध्ये चिन्नी-दांडू होतो. खेळ तोच, नियमांत फरक. नियम ज्यांच्या भाषेतले, त्या मुलांनी ते समजावून सांगायचे. बोलायला न धजणारं मूल इथं पहिल्यांदा तोंड उघडतं, कारण 'आऊट' कोण हे ठरवायचं असतं.

पाचवा दिवस खाण्याचा, सहावा म्हणजे २७ तारीख पुस्तकांच्या प्रकाशनाची. त्या दिवशी मराठीच्या बोलीही आल्या पाहिजेत: अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी. नाहीतर 'त्यांच्या' भाषांचा आठवडा झाला आणि शेवटी 'आपली' मराठी आली, असा उलटाच अर्थ निघतो.

खाण्याच्या दिवसाबद्दल आणि राहून गेलेल्या गोष्टींबद्दल बोला.

---

सातपुड्यातून

आराखडा चांगला आहे. शब्दभिंतीबद्दल सांगतो.

एका पालकाला विचारून शब्द लिहू नका. आमच्याकडच्या आदिवासी भाषांत, पावरी असो की भिली, दोन पाड्यांत उच्चार बदलतो. निदान तिघांना विचारा, त्यातली एक म्हातारी बाई असू द्या. तिघांचा शब्द वेगळा आला तर तिन्ही लिहा. 'शुद्ध कोणता' हा वाद शाळेने लावायचा नाही.

दुसरं, भाषा कोणत्या कुळातली आहे ते शिक्षकाला माहीत असलं पाहिजे, कारण त्यावर कामाचा वेग ठरतो. भिली, पावरी, गोरमाटी या मराठीच्या नात्यातल्या आहेत, बरेच शब्द जुळतात. त्यामुळे मूल मान डोलावतं आणि शिक्षकाला वाटतं सगळं कळलं. प्रत्यक्षात नामं कळलेली असतात, क्रियापदाची रूपं नाहीत. 'पाणी आणलं होतंस का' यातलं त्याला 'पाणी' तेवढं कळतं. गोंडी द्राविड कुळातली, कोरकू मुंडा कुळातली. पाण्याला गोंडीत 'येर', कोरकूत 'दा'. तिथं अंदाजाने कळण्याची सोयच नाही. कोरकू बोलणाऱ्या मेळघाटातला आराखडा आणि पावरी बोलणाऱ्या धडगावचा आराखडा एक असू शकत नाही. कन्नड मुलांनाही हेच लागू.

तिसरं, आमच्या बाजूला हा आठवडा होळीला धक्का देतो. होळी मार्चच्या सुरुवातीला असली की तिच्या आधीच्या आठवड्यातले आदिवासींचे भोंगऱ्या बाजार याच दिवसांत येतात. बाजाराच्या दिवशी पट निम्म्यावर येतो. अशा वर्षी आठवडा आधी घ्या आणि २१ व २७ला फक्त परिपाठात उल्लेख करा. तारीख पाळण्यापेक्षा मुलं हजर असणं बरं.

---

मधली_सुट्टी

वाचून दमलो. निपुण अभियानाच्या वाचन-गणिताच्या चाचण्या, रोजची ऑनलाइन माहिती, पोषण आहाराची नोंद, त्यात बीएलओची, म्हणजे मतदार याद्यांची, ड्युटी. चार शिक्षकांतला एक प्रशिक्षणाला गेलेला असतोच. सोळा पानी पुस्तकं शिवायला वेळ कुणाकडे आहे? शिवाय पहिली-दुसरीत मराठी वाचनच कच्चं असताना आणखी चार भाषा आणून गोंधळ कशाला?

---

बालवाचन

मधली_सुट्टी सर, वेळेचं गाऱ्हाणं खरं आहे. पण हिशोब मांडून बघा. सहा तासिका, प्रत्येकी पस्तीस मिनिटं, म्हणजे साडेतीन तास. गोष्ट आणि पुस्तक हे भाषेच्या तासातच बसतं, कारण ऐकणं, बोलणं, चित्राखाली वाक्य लिहिणं हेच तर त्या तासाला करायचं असतं. खेळ शारीरिक शिक्षणात, सण आणि खाणं परिसर अभ्यासात. वेगळा वेळ लागतो तो फक्त जानेवारीतल्या नोंदीला. पुस्तक पहिलीने शिवायचं नाही. चौथी-पाचवीचे गट शिवतील, पहिली-दुसरी चित्रं देतील.

गोंधळाबद्दल मात्र असहमत. सहा वर्षांच्या मुलाला अनोळखी भाषेतला शब्द वाचायला लावला की ते अक्षरं जोडतं, पण अर्थ येत नाही, म्हणून ते पाठ करतं. वर्षाअखेर पान न बघता धडा म्हणून दाखवणारी मुलं तुम्हीही पाहिली असतील. घरच्या भाषेतला शब्द देवनागरीत वाचला तर वाचलेलं कळतं, आणि वाचणं म्हणजे कळणं ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की मराठीतही उपयोगी पडते. अक्षरं तीच आहेत ना! शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम २९मध्येही, शक्य तिथवर शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं, असं आहेच.

---

पाटी_पेन्सिल

वेशभूषा स्पर्धेबद्दल धागाकर्त्यांनी एका वाक्यात उरकलं, ते थोडं खोलात घ्यायला हवं, कारण आठवडा ठरला की कुणीतरी 'शेवटच्या दिवशी वेशभूषा ठेवू' म्हणणारच.

यात तीन गोष्टी बिघडतात. मराठी मूल 'आदिवासी' होतं, म्हणजे अंगाला काळा रंग, कमरेला आंब्याची पानं. वर्गात खरंच वारली किंवा कातकरी मूल बसलेलं असतं, ते हे बघतं. दुसरं, पोशाख भाड्याने आणायचा खर्च. ज्याच्या आईला तो परवडत नाही ते मूल त्या दिवशी गैरहजर. तिसरं, बक्षीस. संस्कृतीला पहिला-दुसरा नंबर कसा द्यायचा?

त्याऐवजी वस्तू-ओळख ठेवा. प्रत्येकाने घरातली रोजच्या वापरातली एक वस्तू आणायची आणि दोन मिनिटं सांगायचं: हे काय, कुणी केलं, कशासाठी. रोज पाच मुलं, म्हणजे दहा मिनिटं. पंचवीसचा वर्ग एका आठवड्यात होतो. नियम आधी कळवा: चांदीचे दागिने आणायचे नाहीत (बंजारा आणि भिल्ल घरांत जुनी चांदी असते, हरवली तर शाळेला भरून देता यायची नाही), काच नको, धार असलेलं काही नको. ऊसतोड कामगाराच्या मुलाला कोयता दाखवायचा असतो, त्याने चित्र काढावं. वस्तूला नंबराची चिठ्ठी बांधा, वहीत नोंद करा आणि शाळा सुटताना सही घेऊन परत द्या.

---

कोपी

ऊसतोडीचा विषय निघालाच आहे तर. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. म्हणजे बीडकडच्या शाळेत हा आठवडा करताना ही मुलं तिथं नसतात. ती साखर कारखान्याजवळच्या कोप्यांवर (ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांवर) असतात, त्यामुळे जबाबदारी कारखाना परिसरातल्या शाळांवर येते.

त्यांना दाखल करताना दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून परत पाठवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ आणि कलम ४ बघा: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, आणि वयानुरूप वर्गात बसवायचं. स्थलांतरित मुलाला मूळ शाळेकडून मिळणारं शिक्षण हमी कार्ड असेल तर उत्तमच, नसेल तर मूळ शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा. दोन्हीकडे हजेरी लागून घोळ होऊ नये म्हणून तारखा लिहून घ्या.

ही मुलं मराठीच बोलतात, म्हणून भाषेच्या नोंदीत सुटतात. पण त्यांचा हेल वेगळा, शब्द वेगळे, आणि चिडवणं तिथूनच सुरू होतं. २७ तारखेच्या बोलींच्या यादीत मराठवाडी घ्याच.

पारधी मुलांबद्दल एक नियम भिंतीवर लावण्यासारखा आहे: काही हरवलं तर कुणाचंही दप्तर तपासायचं नाही. पेन हरवलं की पहिली नजर त्यांच्याकडे वळते, आणि एकदा दप्तर उघडलं की ते मूल पुन्हा शाळेत येत नाही. वर्गात 'हरवलं-सापडलं'चा एक डबा ठेवा, बहुतेक वस्तू दोन दिवसांत तिथं येऊन पडतात. पारध्यांसारख्या जमातींवरचा १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२मध्ये कागदावरून गेला. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन असतो, तोही शाळेच्या दिनदर्शिकेत टाका.

---

रॅम्पवाली

समावेशन म्हणजे फक्त भाषा नव्हे, म्हणून थोडं विशेष गरजा असलेल्या मुलांबद्दल. अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व आहे. त्यातली बरीच मुलं साध्या वर्गातच असतात आणि कार्यक्रमाच्या दिवशीच बाजूला पडतात.

स्टेज बांधू नका. कार्यक्रम जमिनीवर करा, प्रेक्षक अर्धवर्तुळात. स्टेज ठेवायचंच असेल तर उतार एकास बारा हवा. ४५ सेंटिमीटर उंचीला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो, फळी टाकून भागत नाही. मुलाला खुर्चीसकट उचलून वर ठेवणं हा उपाय नाही, त्यात त्याची भीती आणि अपमान दोन्ही आहेत.

ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी: गोष्ट सांगणारी आजी खिडकीकडे पाठ करून बसली तर तिचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. तिला खिडकीकडे तोंड करून बसवा, मूल समोर दीड-दोन मीटरवर. गोष्टीतल्या वस्तू दाखवताना बोलणं थांबवायचं, कारण ते एका वेळी वस्तू तरी बघेल किंवा ओठ तरी.

कमी दिसणाऱ्यांसाठी शब्दभिंतीवर जाड काळा मार्कर आणि पांढरा किंवा पिवळा कागद. लाल कागदावर हिरवं लिहिण्याची हौस आवरा. चकचकीत लॅमिनेशनही नको, उजेड परावर्तित होतो.

स्वमग्न मुलाला गोंगाट आणि अचानक बदललेलं वेळापत्रक दोन्ही झेपत नाही. आदल्या दिवशी चार चित्रांत क्रम दाखवा: परिपाठ, गोष्ट, जेवण, घर. एक खोली चटई टाकून मोकळी ठेवा, तिथं कुणीही जाऊन बसू शकतं. स्पीकर शक्यतो नकोच. शंभर मुलांना आवाज पुरत नसेल तर दोन गट करा.

आणि अपंग मुलाला उत्तेजनार्थ बक्षीस देऊन टाळ्या वाजवून घ्यायच्या नाहीत. त्याला काम द्या. नंबराच्या चिठ्ठ्या सांभाळण्याचं कामही चालेल.

---

तिसरी_घंटा

खाण्याच्या दिवसाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

पालकांकडून घरून डबे मागवू नका. कुणाच्या घरात काय शिजतं याची तुलना सुरू होते आणि 'यांच्या घरचं आम्ही खात नाही' हे वाक्य आठ वर्षांच्या तोंडून ऐकावं लागतं. शिवाय बाहेरच्या अन्नाची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न उरतोच. एकच पदार्थ शाळेच्या स्वयंपाकघरात, शाळेच्या स्वयंपाकी ताईंकडून करून घ्या, तोही असा की सगळ्यांच्या घरी काहीतरी रूप असेल. घुगऱ्या सगळ्यात बऱ्या. बिहारच्या घरात त्याची घुगनी होते, दक्षिणेत सुंडल, आपल्याकडे उसळही.

शंभर मुलांना वाढीव पदार्थ म्हणून माणशी तीस ग्रॅम कोरडे हरभरे, म्हणजे तीन किलो. भिजून दुपटीपेक्षा थोडे जास्त होतात. रात्री आठ ते दहा तास भिजवायचे. फेब्रुवारीअखेर उकाडा सुरू झालेला असतो, बारा-चौदा तास पाण्यात राहिले तर फेस येतो, वास येतो. सकाळी पाणी ओतून दोनदा धुवायचे. शिजवून झाल्यावर तीन पातेल्यांत वाटा आणि तीन फोडण्या द्या: एक मोहरी-कढीपत्ता-खोबऱ्याची, एक कांदा-आलं-जिऱ्याची, एक नुसती मीठ-हळदीची. शेवटची कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी, म्हणून ती आधी काढायची, नंतर नाही, आणि तिचा डाव वेगळा ठेवायचा. तिखट बेताचं, पहिलीची मुलं आहेत.

रोजचा पोषण आहार यामुळे कमी करायचा नाही. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी हे प्रमाण तसंच राहिलं पाहिजे. घुगऱ्या त्याच्या वर. खर्च तिथी भोजनातून, म्हणजे गावातल्या कुणी शाळेला दिलेल्या जेवणातून, दाखवता येतो, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. चव नोंदवहीत दोन मोठ्या माणसांची नोंद वाढण्यापूर्वी.

पंगत हजेरी क्रमांकाने बसवा आणि रोज पाच क्रमांकांनी पुढे सरकवा. मुलांना आपापलं बसू दिलं तर वस्तीनुसार पंगती होतात. हा नियम फक्त त्या आठवड्यात लावला तर तमाशा वाटतो. जूनपासून लावा, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

---

टेम्सकाठ

तिसरी_घंटा ताई, एक भर. इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत अशा जेवणाला प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठी लागते. तिथल्या कायद्यात चौदा ॲलर्जीकारक घटक नोंदायचे असतात, त्यात शेंगदाणे आणि तीळ दोन्ही आहेत. मराठी पालक 'शाकाहारी आहे' एवढं लिहून मोकळे होतात आणि भाजीत शेंगदाण्याचा कूट असतो! हिंगाचंही तेच: बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे ग्लुटेन न चालणाऱ्या मुलाला हिंगाची फोडणीही चालत नाही. तुमच्या शाळांतही दाखल करतानाच 'काय खाल्लं की अंगावर उठतं किंवा धाप लागते' हा एक प्रश्न विचारून ठेवावा.

---

शहाबाद_फरशी

खाण्याचा दिवस या आठवड्यातून काढा. २०२६ आणि २०२७, दोन्ही वर्षी २१ ते २७ फेब्रुवारी रमजानमध्ये येतो. इतकी लहान मुलं सहसा रोजे ठेवत नाहीत, पण चौथी-पाचवीतली काही हट्टाने ठेवतात, आणि ज्या दिवशी 'सगळ्यांनी मिळून खायचं' त्याच दिवशी ती बाजूला बसतील. संक्रांतीच्या पुढेमागे घेतलं तर जानेवारीतच होऊन जाईल.

चांद्र वर्ष दरसाल साधारण अकरा दिवस मागे सरकतं, म्हणून शाळेच्या दिनदर्शिकेत ईद पेन्सिलने लिहायची. दिनदर्शिका करताना फक्त सुट्ट्यांचे सण घेऊ नका. बंजारा तांड्यावरची तीज श्रावणात असते, मुली टोपलीत गहू पेरून रोज पाणी घालतात. त्या दिवसांत त्या उशिरा येतात. सेवालाल महाराजांची जयंती १५ फेब्रुवारीला. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी, त्यासाठी गावी गेलेली मुलं दिवाळीची सुट्टी संपली तरी लगेच परतत नाहीत. बुद्धपौर्णिमा, नाताळ आहेतच. ही दिनदर्शिका शोभेची नाही, घटक चाचणीच्या तारखा तिच्यावर ठेवून बघायच्या. गावात ज्या सणाला निम्मा पट नसतो, त्याला मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी लावता येते.

परिपाठाबद्दलही. सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदात आहे. म्हणून 'आज यांची प्रार्थना, उद्या त्यांची' अशी वाटणी करत बसू नका. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका आणि रोज एका भाषेतलं एक बालगीत एवढं पुरतं. सणाची माहिती द्यायची तर ज्याच्या घरी तो होतो त्याने सांगावी: काय करतात, काय खातात. पूजा वर्गात करून दाखवायची गरज नाही.

---

डस्टर

खाण्याचा दिवस जानेवारीत, हे ठरलं. पाचव्या दिवशी त्या जागी दिनदर्शिका. पंगतीचा नियम जूनपासूनच्या यादीत टाकतो.

आता पालक. व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, वंचित गटांना प्रमाणात जागा. कागदावर ते असतं. पण सभेला तांड्यावरची आणि साइटवरची माणसं येत नाहीत. काय करता येईल?

---

पाटी_पेन्सिल

सभेची वेळ आधी बदला. दुपारी तीनला बोलावलं तर त्यांचा दिवसाचा रोज बुडतो. संध्याकाळी सहानंतर, किंवा साइटवर ज्या वारी पगार आणि सुट्टी असते त्या दिवशी, आणि शक्यतो वस्तीवर जाऊन. अर्ध्या तासात संपवा.

निरोप लिखित पाठवू नका. ग्रुपवरचं मराठी पत्र निम्म्या घरांत वाचलं जात नाही, फोन मोठ्या भावाकडे असतो. चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप, प्रत्येक भाषेत वेगळा, पालकांपैकीच कुणाकडून तरी बोलून घेतलेला. त्यात तीनच गोष्टी: कधी, कुठे, काय आणायचं. पाठवण्यापूर्वी त्याच भाषेच्या दुसऱ्या पालकाला ऐकवा, कारण 'परवा'सारख्या शब्दावर हटकून घोळ होतो: आदला की पुढचा? तारीख आणि वार दोन्ही सांगायचे.

---

मधली_सुट्टी

बरं, पुस्तकं पाचवीकडून शिवून घेतो. एक प्रश्न आहे. २७ तारखेनंतर त्या शब्दभिंतीचं काय करायचं? शाळेत वर्गखोल्या चार, भिंती दप्तराच्या कपाटांनी भरलेल्या.

---

सातपुड्यातून

पहिलीच्या वर्गात हलवा. जूनमध्ये नवी मुलं येतात तेव्हा पहिल्या दिवसापासून लागते ती. फलक कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्यात ओवले तर दप्तराएवढ्या जागेत मावतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोखंडी पेटीत ठेवा, उघड्यावर वाळवी लागते. आणि दर जूनला नव्या मुलांना चार प्रश्न विचारून भाषा कमी-जास्त करा. साइट संपली की कन्नड मुलं जातात, त्यांच्या जागी तेलुगू बोलणारी येऊ शकतात.

---

तिसरी_घंटा

कोऱ्या फलकांचा एक संच जास्तीचा करून ठेवा. हंगामात मधूनच मूल दाखल होतं, त्याच्या आईकडून त्याच दिवशी पहिले चार शब्द लिहून घेता येतात.